डॅक बदलावा का? माझा अनुभव

आमच्या भुसावळच्या घरातली सिस्टीम साधी आहे. जुना इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर, दोन बुकशेल्फ स्पीकर, गाणी लॅपटॉपवरून आणि बातम्या-पिक्चर टीव्हीवरून. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून एक वायर ॲम्पच्या मागे जायची, एवढ्यावर बरीच वर्षं भागलं. मग जळगावच्या दाजींनी एक महागडा डॅक (डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर) आणला आणि ‘तुम्हीपण घ्याच’ सुरू झालं.

डॅक काही घरात नसतो असं नाही. फोन, लॅपटॉप, टीव्ही, सीडी प्लेअर, ज्यातून डिजिटल गाणं ऐकू येतं त्या प्रत्येकात आकड्यांचं विजेच्या लाटेत रूपांतर करणारी चिप असतेच. वेगळा डॅक घेणं म्हणजे ते काम आतल्या चिपकडून काढून बाहेरच्या डब्याकडे देणं. त्यामुळे मी स्वतःला आधी एकच गोष्ट विचारली: आत्ता ऐकताना नेमकं काय खटकतंय?

खटकत होता तो गुणगुणाट. गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक ‘घूंऽऽ’ यायचं, आणि लॅपटॉपवर माऊस हलवला की त्यावर किरकिर. चार्जर काढला की दोन्ही गायब. टीव्हीचंही तेच, फक्त तिथे केबलची वायर मागून उपसली की आवाज थांबायचा. हा ग्राउंड लूप. लॅपटॉपचं अर्थिंग एका वाटेने, केबलवाल्याच्या लाइनचं दुसऱ्या वाटेने. दोन्हींत थोडा जरी फरक असला की ऑडिओ वायरच्या जाळीतून बारीक करंट वाहतो आणि आपली ५० हर्ट्झची वीज स्पीकरमधून ऐकू येते. वायरमनने सुचवलेला उपाय होता चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकायचा. तसलं कोणी करू नका. गुणगुण थांबेल, पण उद्या शॉक लागेल त्याचं काय?

गंमत अशी की यूएसबीने जोडायचा कितीही भारी डॅक घेतला तरी हा त्रास जाईलच असं नाही, कारण यूएसबीच्या वायरीतून ग्राउंडही, म्हणजे अर्थिंगची वाटही, सोबत येतं. हमखास उपाय म्हणजे ऑप्टिकल. तोशिबाने १९८३ साली काढलेली ही टॉसलिंकची जोडणी, हिच्यातून फक्त उजेड जातो. टीव्हीच्या मागे पाहिलं तर ते भोक होतंच, वर प्लास्टिकचं बूच लावलेलं. बूच काढलं की आत लाल ठिपका दिसतो. लॅपटॉपला ऑप्टिकल नव्हतं, पण यूएसबीतून ऑप्टिकल काढणारी छोटी डबी स्वस्तात मिळते. ऑप्टिकलवर ९६ किलोहर्ट्झपर्यंतचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने, तो आकडा) भरवशाने चालतो. सीडी आहे ४४.१ची, म्हणजे माझ्यासाठी ते जास्तच झालं.

मग चिपचा विषय निघाला. दाजी चिपवर तासभर बोलू शकतात. एकेएम आणि ईएसएस या डॅकच्या चिप बनवणाऱ्या कंपन्या; ‘एकेएमचा आवाज मखमली, ईएसएसचा धारदार’ हे दाजींचं ठरलेलं वाक्य. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली आणि चिपांचा दुष्काळ पडला. कंपन्यांना दुसऱ्या चिपांकडे वळावं लागलं. टॉपिंग या डॅक बनवणाऱ्या कंपनीच्या डी९० मध्ये एकेएमची चिप होती, नंतरच्या डी९० एसईमध्ये ईएसएसची आली. चिप बदलली म्हणून आवाज एवढा बदलत असेल, तर तो डोळे मिटूनही ओळखता आला पाहिजे, असं माझं म्हणणं पडलं. दाजी म्हणाले, “मग घेऊनच जा माझा, आणि ऐका.”

तो डॅक आठवडाभर घरी होता. समोर मी उभा केला फोनला लावायचा हजार-बाराशेचा डोंगल, म्हणजे बोटाएवढा डॅकच. दोन्ही ॲम्पच्या वेगवेगळ्या इनपुटला. ऐकण्याआधी एक काम केलं, आणि डॅक निवडणाऱ्या प्रत्येकाने ते करावं असं मला वाटतं: आवाजाची पातळी जुळवणं. मोठ्या डॅकचं आउटपुट साधारण २ व्होल्ट असतं, डोंगलचं १. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबलचा फरक, आणि जे जरा मोठं वाजतं ते आपल्या कानाला नेहमीच ‘खुललेलं’ वाटतं. अर्धीअधिक ‘आहाहा’ तिथूनच येते. मी ५० हर्ट्झचा टोन लावला, कारण साधा मल्टिमीटर त्याच फ्रिक्वेन्सीला नीट वाचतो. स्पीकरच्या टर्मिनलला टोकं लावली, मीटर एसी व्होल्टवर ठेवला, आणि दाजींच्या डॅकचा व्हॉल्यूम कमी करत आकडे जवळजवळ जुळवले.

मग भाच्याला ॲम्पपाशी बसवलं आणि इनपुटच्या बटणावर रुमाल टाकला. तो मनाला येईल तसं इनपुट बदलणार, गाणं दरवेळी पहिल्यापासून लावणार, मी ओळखायचं. तानपुरा विरत जातो ती जागा, तबल्याची थाप, बायकी आवाजातला ‘स’, सगळं लावून पाहिलं. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी एवढंच बरोबर आलं असतं. दाजी आल्यावर त्यांनाही बसवलं. त्यांचा निकाल मी इथे लिहीत नाही, घरात संबंध टिकवायचे आहेत. भाचा मात्र मध्येच बोलून गेला, “मामा, तुम्ही दोघं एकच गाणं ऐकून ऐकून कंटाळत नाही का?”

हिशोब मांडला तरी हेच निघतं. १६ बिटच्या सीडीची डायनॅमिक रेंज, म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, ९६ डेसिबल. रात्री शांत झालेल्या खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. म्हणजे सीडीची सगळी रेंज ऐकायची तर सव्वाशे डेसिबलपर्यंत वाजवावं लागेल, आणि मग कानांचीही गरज उरणार नाही. त्यात आपला उन्हाळा! पारा पंचेचाळिशीला टेकला की लोखंडी कूलर दिवसभर घरघरतो. त्याच्या पुढ्यात १२० डेसिबलच्या मोजमापाचा डॅक काय उजेड पाडणार? आमच्याकडे खरं ऐकणं दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. आणि ऐकतो ते तरी काय? बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेली पदं, जिथे सुईची खरखर कुठल्याही डॅकच्या नॉइजपेक्षा मोठी. नाहीतर यूट्यूबवरची अहिराणी लग्नाची गाणी, जी आधीच दाबून-चेपून आलेली असतात.

म्हणून चिप सोडून दिली आणि सोयी पाहिल्या. ऑप्टिकल इनपुट पाहिजेच. रिमोट पाहिजे. आणि डॅकचा स्वतःचा व्हॉल्यूम पाहिजे, कारण माझ्या जुन्या ॲम्पला २ व्होल्ट झेपत नाहीत. थेट दिले तर नॉब घड्याळातल्या जेमतेम आठ-नऊच्या जागी येताच घर दणाणतं, आणि तेवढ्या खालच्या जागी जुन्या पोटेन्शिओमीटरचे (नॉबमागचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) डावा-उजवा चॅनल सारखे चालत नाहीत. गाणारी व्यक्ती एका बाजूला सरकल्यासारखी वाटते. डॅकवरून १० डेसिबल कमी केले की नॉब मधोमध येतो आणि आवाजही मधोमध. डॅक आत २४ बिटवर काम करत असेल तर एवढ्या कपातीने ऐकण्यात काही जात नाही. या एका गोष्टीचा मला जो फरक ऐकू आला, तो दाजींच्या डॅकने पडला नव्हता.

अशा सोयींचा डॅक दहा हजारांच्या आत मिळाला. ऑप्टिकलने जोडल्यावर गुणगुणाट पूर्ण गेला; कान स्पीकरला लावला तरच ॲम्पची स्वतःची हलकी सळसळ ऐकू येते. उरलेल्या पैशातून जाड सतरंजी घेतली. हॉलमध्ये टाळी वाजवली की फरशी आणि काचेच्या शोकेसमधून टर्रर्र असा प्रतिध्वनी यायचा. सतरंजी अंथरली, सोफ्यामागच्या भिंतीवर आईची गोधडी टांगली, स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढले. गाण्यातले शब्द आता सुटे ऐकू येतात. सौ. म्हणाली, हॉल गोदामासारखा दिसतो. ते खरंच आहे.

घेणाऱ्यांसाठी दोन बारीक गोष्टी. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) वर ठेवा. ते ‘ऑटो’ किंवा डॉल्बीवर असेल तर साधा स्टिरिओ डॅक गप्प बसतो आणि माणूस नवा डॅक खराब आहे समजून परत पाठवतो. दुसरं म्हणजे लाइट जाऊन आल्यावर डॅक आपोआप सुरू होतो का आणि आधीचा इनपुट लक्षात ठेवतो का, हे दुकानदाराला विचारा. माझा इनपुट लक्षात ठेवतो, पण रिमोट दाबल्याशिवाय उठत नाही, आणि मे महिन्यात ते बटण दिवसातून किती वेळा दाबावं लागतं ते विचारू नका.