तरवडीचं 'दीनमित्र'

रविवार, रात्री

तालुक्याच्या साप्ताहिकाचा अंक दुपारी हाती आला. पान उलटावं तर कुणा ना कुणा युवा नेत्याचा वाढदिवस. पुढच्या पानावर त्याच नेत्याला शुभेच्छा देणारे त्याचे कार्यकर्ते, आणि त्यांचेही फोटो. बातमी हुडकावी लागली. बाजार समितीच्या सभेची होती, समितीने लिहून पाठवली तशीच्या तशी छापलेली. चिडचिड झाली. संपादकाला दोष देऊन उपयोग नाही म्हणा, वर्गणी भरून अंक घेणारे आम्ही किती? तो जगतो जाहिरातींवर.

गेले काही दिवस 'दीनमित्र'चे संपादक मुकुंदराव पाटील यांच्याविषयी मिळेल ते वाचतोय, म्हणून हे जास्तच टोचलं असावं.

नेवाशाला जाणारा माणूस, ज्ञानेश्वर ज्याला टेकून बसले म्हणतात त्या पैसाच्या खांबाला हात लावतो आणि परत फिरतो. त्याच तालुक्यात कुकाण्याजवळ तरवडी आहे. मुकुंदरावांनी 'दीनमित्र' हे साप्ताहिक १९१० साली सुरू केलं आणि तरवडीतून १९६७पर्यंत चालवलं. नगरहून नाही, नेवाशाहूनही नाही, चक्क खेड्यातून. भारतातलं खेड्यातून निघणारं पहिलं वर्तमानपत्र म्हणून त्याचं नाव घेतात. आपल्याकडे कुठल्याही गोष्टीला 'पहिलं' म्हणायची घाई असते, त्यामुळे मी त्यावर फार अडत नाही. मला अचंबा वाटतो तो सत्तावन्न वर्षांचा.

त्यातही बापलेकांची गोष्ट पाहण्यासारखी आहे. मुकुंदराव हे कृष्णराव भालेकरांचे पुत्र, तरवडीच्या पाटलांकडे दत्तक गेलेले. भालेकर म्हणजे ज्योतीरावांचे सहकारी. १८७७ साली ऐन दुष्काळात त्यांनी पुण्यात 'दीनबंधु' काढलं. शेतकऱ्यांचं, कष्टकऱ्यांचं पत्र. पैशाअभावी ते त्यांना झेपलं नाही. १८८०मध्ये ते मुंबईला गेलं आणि नारायण मेघाजी लोखंड्यांनी सांभाळलं. पुढे 'शेतकऱ्याचा असूड'ची सुरुवातीची प्रकरणं त्यात आली आणि मग पुढची छापायचं थांबलं. खुद्द फुल्यांचं लिखाण, आपल्याच माणसांचं पत्र, तरी थांबलं! मजकूर जहाल असला की छापणाऱ्याचे हात थरथरतात, मग तो विचाराने कितीही जवळचा असो.

'दीनमित्र' हे नावही वारशाने आलेलं. १८८८मध्ये गणपतराव पाटलांनी या नावाचं मासिक काढलं होतं, आणि भालेकरांची 'बळीबा पाटील' ही कादंबरी त्यात येत होती. मासिक टिकलं नाही. १९१० साली भालेकर गेले आणि त्याच साली मुलाने तेच नाव घेऊन साप्ताहिक उभं केलं. वडिलांना शहरात जे साधलं नाही ते मुलाने खेड्यात साधलं, ही गोष्ट मला उलटसुलट करून पाहावीशी वाटते.

कारण अडचणी खेड्यातच जास्त. शाई, कागद, खिळे (म्हणजे छपाईची धातूची अक्षरं), सगळं बाहेरून आणायचं. इंग्रजीचं बरं, मोजकी अक्षरं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं, त्यामुळे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यापुढे कप्पेच कप्पे. खिळे बेताचे असले तर एक फर्मा, म्हणजे एकदम छापायची पानं, छापायचा, टाईप सोडायचा, धुऊन परत आपापल्या कप्प्यात टाकायचा, तेव्हा पुढचा मजकूर जुळायला घेता येतो. त्यात १९१० हे प्रेस अ‍ॅक्टचं साल. नव्या छापखान्याकडे मॅजिस्ट्रेटने पाचशे ते दोन हजार रुपये जामीन मागावा, अशी तरतूद त्यात होती. तेव्हाचे दोन हजार!

मग टिकलं कशाने? माझ्या मते एक तर छापखाना स्वतःचा. दुसरं, विषय दाराशी. फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचं म्हणणं पुण्यात बसून मांडणं निराळं आणि जिथे कुलकर्ण्याच्या दप्तरात काय लिहिलंय हे शेतकऱ्याला वाचता येत नाही, त्या गावात बसून मांडणं निराळं. ज्याच्याविरुद्ध लिहायचं तो सकाळी चावडीवर भेटणार. मुकुंदरावांनी कुलकर्ण्यांवर 'कुलकर्णीलीलामृत' लिहिलं, सावकारांवर 'शेटजीप्रताप'. शिवलीलामृत आणि पांडवप्रताप घरोघर ऐकलेल्या माणसाला नावातच निम्मा विनोद कळत असणार. पोथीचा बाज घेऊन पोथीवाल्यांनाच चिमटा. आजच्या संपादकांनी हे शिकायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र गौरवलेखांत येत नाही, ती इथे लिहून ठेवतो. ते पाटलाच्या घरचे होते. गावात राहून कुलकर्ण्याशी भांडायला पाठीशी पाटलाचं घर लागतं. महारवाड्यातल्या कुणाला त्या काळी तरवडीत छापखाना घालता आला असता का? नसता. यामुळे मुकुंदरावांचं काम उणं होत नाही, पण ते कशाच्या आधारावर उभं राहिलं हेही सांगायला हवं.

तेव्हा अशी पत्रं बरीच निघाली. पुण्यात 'विजयी मराठा', बडोद्याला 'जागृति', बेळगावात 'राष्ट्रवीर'. चळवळीला ओहोटी लागली, माणसं काँग्रेसमध्ये गेली, पत्रं एकेक करून मिटली. 'दीनमित्र' स्वातंत्र्यानंतरही वीस वर्षं निघत होतं. १९६७च्या डिसेंबरात मुकुंदराव गेले, आणि पत्राची अखेरही त्याच सालची. इतकी वर्षं एकाच माणसाने ओढलं, हीच त्याची ताकद आणि माझ्या लेखी हाच त्याचा दोष. गावातली चार पोरं जुळणीला बसवता येतात, संपादकाच्या खुर्चीत बसवायला मात्र वेगळी तयारी लागते. ती तयारी मुकुंदरावांच्या वडिलांनी, फुल्यांच्या विचारांनी आणि त्या घराने त्यांच्याकडून करून घेतली होती.

आमच्या साप्ताहिकाची वर्गणी उद्या भरतो. सोबत चिठ्ठी देणार आहे, की सभेची बातमी छापायची तर निदान सभेला जाऊन या.