पॉहस्काच्या मैदानात दोर, घोडा आणि बैल

ओक्लाहोमातल्या तल्साहून वायव्येला तासाभर गाडी हाकली की पॉहस्का येतं. ओसेज या मूळ अमेरिकन लोकांच्या राष्ट्राची ही राजधानी. शंभर वर्षांपूर्वी जमिनीखालच्या तेलामुळे ओसेज लोक जगातल्या गर्भश्रीमंतांत गणले जात, आणि त्याच पैशापायी त्यांचे खूनही पडले. जमिनीवर मात्र नजर जाईल तिथवर गवत आणि गुरं. अशा मुलखात काउबॉयचं स्मारक पुतळ्यापेक्षा मैदानातच व्हायला हवं.

आम्ही फादर्स डेच्या वीकेंडला गेलो होतो, बेन जॉन्सन मेमोरियल स्टिअर रोपिंग, म्हणजे घोड्यावरून दोर टाकून बैलाला आडवं पाडून बांधायची स्पर्धा बघायला. जुन्या वेस्टर्नपटांच्या शौकिनांना हे नाव ऐकून ऑस्करवाला नट आठवेल. स्पर्धा त्याच्या नावाची नाही, त्याच्या वडिलांच्या नावाची आहे. थोरले बेन जॉन्सन इथल्या चॅपमन-बर्नार्ड रँचचे फोरमन, दोर टाकण्यात पंचक्रोशीत नावाजलेले. मुलगा घोडे पोहोचवायला म्हणून हॉलिवूडला गेला आणि तिथलाच झाला. तरी १९५३ साली सिनेमा बाजूला ठेवून तो रोडिओ, म्हणजे काउबॉयच्या कसबाच्या स्पर्धा, खेळत हिंडला आणि टीम रोपिंगचा, म्हणजे दोघांनी मिळून बैल दोरात पकडायच्या खेळाचा, जगज्जेता ठरला. वर्षाअखेर आपल्याकडे खिळखिळी गाडी आणि चिडलेली बायको एवढंच उरलं होतं, असं तो पुढे सांगत असे. ऑस्कर मिळालं ते १९७२ मध्ये.

ऊन मरणाचं होतं. बाकावर शेजारी बसलेल्या आजोबांनी आमचे चेहरे बघून ओळखलं की यांना काही कळत नाहीये. "माणसाकडे नको, घोड्याकडे बघा," ते म्हणाले. मी तेच केलं.

फाटक उघडलं की बैल सुसाट सुटतो. त्याला थोडं पुढे जाऊ द्यावं लागतं. स्वाराने घाई करून त्याच्यासमोर बांधलेली आडवी दोरी तोडली तर दहा सेकंदांचा दंड. मग फास शिंगांत पडतो. शिंगांना इजा होऊ नये म्हणून गुंडाळून संरक्षण दिलेलं असतं. इथवर सगळं ओळखीचं वाटतं. पुढच्याच क्षणी स्वार दोराचा ढिला भाग बैलाच्या उजव्या पुठ्ठ्यावरून पलीकडे टाकतो आणि घोडा डावीकडे काढतो. दोर मागच्या पायांमागून ताणला जातो, बैलाची मान फिरते आणि तो धाडकन आडवा होतो. स्वार खाली उतरला तरी घोडा थांबत नाही, दोर ताणून पुढे ओढत राहतो, म्हणजे बैलाला उठता येत नाही. तेवढ्यात हा पळत जाऊन तीन पाय बांधतो आणि हात वर करतो. गाठ सहा सेकंद टिकली तरच वेळ धरली जाते. चांगल्या गड्याचं सगळं काम दहा-बारा सेकंदांत उरकतं. पाठीवर कोणी नसताना, लगाम कोणी धरलेला नसताना, नेमका किती ताण ठेवायचा हे त्या जनावराला कसं कळतं देव जाणे!

बैल आदळतो तेव्हा मात्र पोटात गोळा येतो. अमेरिकेतही हा प्रकार मोजक्याच राज्यांत चालतो. लास वेगासच्या राष्ट्रीय अंतिम रोडिओत तो नसतो, त्याची अंतिम फेरी वेगळी होते. आपल्या बैलगाडा शर्यतीवर २०१४ साली बंदी आली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला वाट मोकळी केली, तेव्हा दोन्ही बाजूंनी झालेले वाद इथेही जसेच्या तसे ऐकू येतात. उघड्या रानात आजारी गुराला एकट्याने आडवं करून औषध द्यायचं तर हाच उपाय होता, हे आजोबांचं म्हणणं मला पटलं. पण आज मैदानातला बैल आजारी नव्हता, एवढं मी त्यांना म्हटलंच. ते हसले आणि पुढच्या घोड्याकडे बोट दाखवू लागले.

जाणार असाल तर टोपी आणि भरपूर पाणी न्या, फाटकाजवळची जागा धरा. गावात बेन जॉन्सन काउबॉय म्युझियम आहे. उत्तरेला टॉलग्रास प्रेअरीचं, म्हणजे उंच गवताच्या माळाचं, राखीव रान आहे, तिथे अमेरिकन बायसन मोकळे चरतात. चॅपमन-बर्नार्ड रँचच्या जमिनीचा काही भाग यातच आला. आत रस्ते कच्चे आहेत, टाकी भरून घ्या.