बोर्ड बदलण्याआधी मशीनचा प्लग काढून बघा

टॉप लोड वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरतच राहिलं की ‘बोर्ड गेलाय’ (म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड बिघडलाय) हे निदान फार चटकन होतं. बोर्डाचे पैसे मोजण्याआधी एवढं करा: पाणी भरत असताना कोरड्या हाताने प्लग काढा. धार तरीही चालूच असेल तर बोर्ड निर्दोष आहे. इनलेट व्हॉल्व्हच्या (पाणी आत सोडणाऱ्या झडपेच्या) रबरी पडद्याखाली रेतीचा कण किंवा क्षार अडकलाय. नळ बंद करा आणि व्हॉल्व्ह बदला. धार लगेच थांबली तर व्हॉल्व्ह ठीक, पहिला संशय पाण्याची पातळी ओळखणाऱ्या प्रेशर सेन्सरवर आणि त्याच्या नळीवर.

मशीनला पाणी दिसत नाही, ते हवेचा दाब मोजतं. टबच्या तळाशी हवेचा छोटा कप्पा असतो. तिथून एक बारीक नळी वर पॅनेलखालच्या सेन्सरला जाते. पाणी चढेल तशी नळीत कोंडलेली हवा दाबली जाते. नळीला चीर गेली (उंदरांची कृपा बरेचदा इथेच होते) किंवा टोक सैल झालं की हवा निसटते, सेन्सरला टब रिकामाच वाटतो आणि पाणी काठोकाठ येतं. उलट साबणाच्या गाळाने कप्पा तुंबला की कोंडलेला दाब सुटत नाही आणि मशीन अर्ध्या पाण्यावरच थांबतं.

दुरुस्ती अवघड नाही. प्लग काढून, टब पूर्ण रिकामा करून नळी सेन्सरपासून सोडवा आणि टबच्या दिशेने फुंका. गाळ असेल तर नळीतून कोमट पाणी सोडा, मग नळी नीट वाळवा. आत थेंब राहिला तरी मोजमाप बिघडतं. सेन्सरमध्ये मात्र जोरात फुंकू नका. चीर टोकालाच असेल आणि लांबी पुरत असेल तर तेवढा तुकडा कापून नळी परत घट्ट बसवा. हे सगळं रिकाम्या टबावरच करायचं. टबात पाणी असताना नळी जोडली तर सेन्सर त्या पातळीलाच शून्य समजतो आणि पुढे पाणी जास्तच घेतो.

पाणी येतंय पण पातळी चढत नाही? टब भरू द्या, पॉज करा, दहा मिनिटांनी बघा. पातळी उतरली असेल तर ड्रेन व्हॉल्व्हमध्ये (पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेत) नाणं, पिन किंवा दोऱ्यांचा गुंता असणार. पंपवाल्या मशीनचा ड्रेन पाइप जमिनीवर टाकला असेल तर पाणी आपोआप ओढलं जातं. त्याचं टोक साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंच हवं. पंप नसलेल्या मशीनचा पाइप मात्र खालीच ठेवायचा.

पाणी हळू येत असेल तर नळ बंद करून इनलेटची जाळी पकडीने ओढून काढा आणि जुन्या ब्रशने घासा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर व्हिनेगरमध्ये बुडवल्यावर सुटतो. वरच्या मजल्यावर कधी कधी जाळी साफ करूनही फरक पडत नाही, कारण एक मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी नळापेक्षा दोनच मीटर वर असेल तर ०.२ बार, बऱ्याच मशीनना किमान ०.३ ते ०.५ लागतो. तिथे बूस्टर पंप लावावा लागतो. तोवर टॉप लोडमध्ये बादलीने पाणी ओतलं तरी चालतं, ठरलेली पातळी गाठली की मशीन स्वतःहून धुवायला लागतं.