तुम्ही विचारलंत म्हणून: त्या रात्री डेक का उचलला नाही

समुद्रातल्या एका तेल प्लॅटफॉर्मचा डेक, म्हणजे वरचा मजला, क्रेनने उचलून बसवायचं काम मी एका मे महिन्यात ऐन रात्री थांबवलं होतं. का थांबवलं, हा प्रश्न २०२१ चं तौक्ते वादळ येऊन गेल्यापासून मला वेगळ्याच सुरात विचारला जातो. आधी लोक म्हणायचे, "अहो, हातातोंडाशी आलेला सीझन का घालवलात?" १७ मे २०२१ ला मुंबई हायजवळ पी-३०५ ही कामगारांच्या राहण्याची बार्ज, म्हणजे सपाट तळाची मोठी नौका, बुडाली, आणि तीच माणसं विचारू लागली, "साहेब, तुम्हाला त्या वर्षी आधीच कसं कळलं?"

मला काहीही कळलं नव्हतं. हे तोंडी इतक्यांदा सांगून झालंय की आता लिहूनच टाकतो. माझ्या त्या रात्री अरबी समुद्रात वादळ नव्हतं आणि नंतरही आलं नाही. पी-३०५ वर २६१ माणसं होती. त्यांतली कितीतरी घरी परतली नाहीत. त्यांच्या मरणाचा आधार घेऊन मला माझा निर्णय बरोबर ठरवायचा नाही. कृपा करून तुम्हीही ठरवू नका.

आमचं जॅकेट, म्हणजे प्लॅटफॉर्मचा समुद्रतळावर उभा राहणारा लोखंडी सांगाडा, मार्चमध्येच बसलं होतं. त्याला तळाशी जखडणारे पाइल्स, म्हणजे खांब, ठोकून फटीत सिमेंट भरायचं ग्राउटिंगही झालं होतं. राहिला होता फक्त वरचा डेक, ९०० टनांचा. तो यार्डातूनच तीन आठवडे उशिरा निघाला. का निघाला, कोणामुळे, यावर नंतर पत्रांच्या फाइली भरल्या, त्यात मी शिरत नाही. डेक साइटवर पोहोचला तेव्हा क्रेन बार्जचे नऊ दिवस उरले होते. दीड वर्षाचं काम, वेळापत्रकात तीन हजारांवर ओळी, आणि सगळं येऊन टेकलं मे महिन्यातल्या नऊ दिवसांवर. त्यातले पाच वाऱ्यात गेले.

सहाव्या रात्री खिडकी, म्हणजे उचलीपुरती शांत हवा, मिळाली. दोन्ही हवामान अंदाज जुळले. लाटेची उंची ०.९ मीटर, आमची मर्यादा १.२५. स्वेलचा, म्हणजे लांबून येणाऱ्या संथ लाटांचा, कालावधी ११ सेकंद, मर्यादा १२. विम्यासाठी काम तपासणाऱ्या वॉरंटी सर्व्हेयरने सही केली, मीही केली. रात्री अकराला डेकचं सी-फास्टनिंग, म्हणजे प्रवासासाठीची जखडणी, कापायला सुरुवात झाली.

या धंद्यातल्यांना इथे सांगायला नको, पण हा लेख घरची माणसंही वाचतील. डेक मालवाहू बार्जवर लोखंडी ब्रेसनी वेल्ड करून जखडलेला असतो. ते ब्रेस कापेपर्यंत परत फिरता येतं. शेवटचा कापला की ९०० टनांचं ते धूड बार्जवर नुसतं ठेवलेलं असतं, मग ते उचलावंच लागतं.

एकूण २८ ब्रेस होते. मी डेकच्या खाली उभा होतो. गॅस कटरच्या ठिणग्या पाण्यात पडत होत्या. उचलीचे दोर-साखळ्या बांधणाऱ्या रिगरांचे फोरमन गुहागरकडचे, वयस्कर, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते दोन बार्जच्या मधल्या फेंडरपाशी, म्हणजे धक्का झेलणाऱ्या टायरांपाशी, बसून होते. स्वेल आला की टायर आवळले जायचे आणि कण्हल्यासारखा आवाज यायचा. मामा त्या आवाजावर मनगटी घड्याळ बघून मोजत होते. मी जवळ गेलो तर वर न बघता म्हणाले, "साहेब, चौदा येतायत मधेच."

मी खिशातली वही काढली आणि त्यांच्या शेजारी बसलो. दोन लाटांमधले सेकंद वीस मिनिटं मोजले. दहा, अकरा, अकरा, नऊ, चौदा. परत दहा, बारा, अकरा आणि मग लागोपाठ दोन चौदा. क्रेन बार्ज ज्या तालात डोलते तो ताल चौदाच्या जवळचा, म्हणजे अशा लाटांनी तिचं डोलणं वाढत जाणार. वर बघितलं तर हुकाचा ब्लॉक शांत होता, शांत होता, आणि त्या दोन लाटांनंतर हळूच एका बाजूला गेला. फार नाही, हातभर असेल.

मोजणी यंत्र ११ च दाखवत होतं. ते सरासरी सांगतं, खोटं बोलत नाही.

पावणेतीनला मी काम थांबवलं. तोवर ११ ब्रेस कापून झाले होते.

कन्स्ट्रक्शन मॅनेजर माझ्याहून मोठे होते, मला अरे-तुरे करायचे. म्हणाले, "अरे, आकडे मर्यादेत आहेत ना? समुद्र पूर्ण थांबायची वाट बघणार आहेस का?" मी म्हणालो, "सर, हे परत वेल्ड करून घ्या." ते काही क्षण माझ्याकडे बघत राहिले आणि वळून गेले. बारा वेल्डर, दिवसभर काम करून थकलेले, पुन्हा कामाला लागले.

घाबरलात का, असंही विचारतात. हो, घाबरलो होतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

सकाळी सहाला समुद्र सपाट झाला. तेल ओतल्यासारखा. दुपारी तीनपर्यंत तो तसाच राहिला. तब्बल नऊ तास. सगळे रेलिंगला उभे राहून पाण्याकडे बघत होते, माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. आणि तुमच्यापैकी फार थोड्यांनी विचारलेला, पण मला रोज पडणारा प्रश्न हा आहे: सहा वाजता पुन्हा कापायला का सांगितलं नाहीत?

मी तेव्हा कारणं दिली. माणसं थकली आहेत. कापायला चार तास लागतील, उचलायला आणि बसवायला चार, मधे काही अडलं तर संपलं. ही कारणं खरी होती. पण मी आदल्या रात्री "नाही" म्हटलं होतं, आणि चार तासांत "हो" म्हणणं मला जड गेलं, हेही खरं असावं. किती भाग विचार होता आणि किती हट्ट, ते मला आजही वेगळं करता येत नाही.

संध्याकाळी स्वेल परत आला. उरलेल्या दिवसांत पुन्हा खिडकी मिळालीच नाही. क्रेन बार्ज गेली, डेक यार्डात परतला. चार विहिरींचं तेल सहा महिने उशिरा आलं. जुलैत जुहूहून हेलिकॉप्टरने दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर जाताना ते जॅकेट दिसलं, पावसात चार उघडे पाय आणि वर एक लुकलुकता दिवा. नोव्हेंबरात डेक चार तासांत बसला. तोवर कन्स्ट्रक्शन मॅनेजरना कपातीत घरी बसवलं होतं, निवृत्तीला दोन वर्षं असताना. मी दर गणपतीला त्यांना फोन करतो. ते उचलत नाहीत.

माझ्या आत एक जुना मी आहे, तो या सगळ्यावर भांडतो. २००९ मध्ये त्याने याहून वाईट स्वेलमध्ये एक उचल पार पाडली होती, त्याचं कौतुक झालं होतं. तो म्हणतो, तेव्हा जमलं, मग आता काय झालं? मी त्याला २७ जुलै २००५ सांगतो. बॉम्बे हाय नॉर्थ हा तेल प्लॅटफॉर्म. एका जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या बोटांना जखम झालेली, पावसाळी हवेत हेलिकॉप्टर उडेना, म्हणून जहाजच प्लॅटफॉर्मला लावून त्याला वर पोहोचवायचं ठरलं. जखमी माणसाला उपचार मिळावेत, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं. जहाज रायझरवर, म्हणजे तेल-वायूच्या उभ्या पाइपवर, आदळलं, आग लागली, २२ माणसं गेली. जुना मी यावर म्हणतो, ते वेगळं, हे वेगळं. आणि त्याचं बरोबर आहे. ते वेगळंच होतं.

थांबवलेल्या उचलीचा अपघात अहवाल निघत नाही. डेक त्या रात्री कदाचित नीट बसला असता. बहुधा बसलाच असता. हे मला मान्य आहे, आणि त्यानंतरही पावणेतीन वाजता मी दुसरं काही केलं असतं असं वाटत नाही. सहा वाजताचं मात्र सांगता येत नाही.

ती वही अजून माझ्याकडे आहे. घामाने शाई थोडी पसरली आहे, पण आकडे वाचता येतात, शंभराच्या वर आहेत. परवा पुन्हा सगळ्यांची बेरीज करून सरासरी काढली. ११.२ आली.