पाऊस कुठला होता

काल संध्याकाळी बंदरावरून घरी आलो तो जेवलोच नाही. हिला वाटलं पोट बिघडलं. मीही तसंच म्हणालो.

कट्ट्यावर नेहमीचे सगळे होते. सारंग, बटलर, उभादांड्याचे तेलवाले. आमच्यात खरी नावं कोणी घेत नाही, बोटीवर जो हुद्दा होता त्यावरच हाक. मी सुकाणी. सारंग सुएझ बंद होता तेव्हाचं सांगत होते, १९६७ ते १९७५. मुंबईहून लंडनला एरवी सहा हजार दोनशे मैल, ते आफ्रिकेला वळसा घालून दहा हजार सातशेच्या आसपास जायचे. मी १९६९ ला लागलो, माझी पहिली सफर त्याच वाटेची. तिथून गजाली वळत वळत आपल्या वेंगुर्ल्याच्या बंदरावर आल्या. स्टीमर बाहेर नांगरायची, माणसं पडावातून जायची, आणि पडाव खालीवर होत असताना शिडीचा दांडा पकडायला बायामाणसांची कशी तारांबळ व्हायची, ते सगळं.

मी सहज म्हणालो, आमची आई डोळ्यांसाठी मुंबईला गेली त्या दिवशी पाऊस होता.

सारंग हसले नाहीत. म्हणाले, "पाऊस? वैशाखात? अरे, पावसात स्टीमर येता खंय?" मग थोडं थांबून, "तू थंय नाय होतंस."

बटलर म्हणाले, "सुटयेत येणारो पावणो तो, तेका काय ठावक."

त्यात वाईट हेतू नव्हता, हे मला कळतं. तरी पावणो हा शब्द रात्रभर कानात राहिला.

पावसाळ्यात स्टीमर बंद असायची हे मला माहीत नव्हतं का? शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सबंध जन्म दर्यावर काढलेला माणूस मी, आणि मी पावसात स्टीमर आणली. पण मला तो पाऊस दिसतो. आई हिरव्या लुगड्यात पडावात बसली आहे, पाणी करडं आहे, पाऊस तिरका पडतो आहे. बारीकसारीक सगळं दिसतं. मी नव्हतो तर दिसतं कसं?

सकाळी ट्रंक उघडली. सीडीसी काढली, म्हणजे खलाशाची नोंदवही, कधी चढलो कधी उतरलो त्याची. पानं पिवळी पडली आहेत, पण शिक्के अजून वाचता येतात. १९७८ च्या मार्चमध्ये मुंबईला चढलो, नोव्हेंबरात उतरलो. म्हणजे नव्हतोच. वडील गेले तेव्हा नव्हतो, थोरल्याच्या बारशाला नव्हतो, आणि ह्यालाही नव्हतो. एकेक आठवत गेलो आणि पान मिटून ठेवलं.

खालीच भावाचं पत्र सापडलं. निळं, तिन्ही बाजूंनी दुमडायचं असतं ते. मे महिन्याची तारीख. आईला स्टीमरवर बसवून दिलं, काळजी नसावी, परत येईपर्यंत पाऊस लागेल म्हणून छत्री बरोबर दिली आहे.

छत्री.

मग बाकीचं आपोआप आलं. ते पत्र मला अँटवर्पला मिळालं होतं. त्या काळी बोट आठ आठ, दहा दहा दिवस धक्क्याला असायची, पोती आणि पेट्या क्रेनने एकेक करून निघायच्या. एजंट टपालाची पिशवी घेऊन वर यायचा तेव्हा सगळी बोट गोळा व्हायची. शेल्ड नदीतून वर येताना दोन तास मी सुकाणावर होतो, पायलट हुकूम देत होता, आणि पाऊस काचेवर तिरका लागत होता. दूर त्या मोठ्या देवळाचा सुळका दिसत होता, १२३ मीटर उंच म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी पत्र डेकवरच फोडलं, हॅचच्या आडोशाला. नदी करडी होती. पत्रावर थेंब पडून 'छत्री'मधला छ पसरला, तो अजून तसाच आहे.

पाऊस तिथला होता. मी तो उचलून इथे आणला आणि आईवर पाडला.

दुपारभर हेच चालू होतं डोक्यात. बटलर म्हणाले ते खरंच. कोलंबोच्या सफरीला आपल्याच गावासमोरून जायचो. रात्री वेंगुर्ला रॉक्सचा दिवा यायचा. सेकंड मेट म्हणायचा, अबीम झाला, म्हणजे बोटीच्या बरोबर बाजूला आला. सुकाण्याने नजर कंपासवरच ठेवायची असते, मान वळवायची नसते. एकदाच वळवली. कोर्स दोन अंश चुकला आणि ओरडा खाल्ला. त्या खडकांच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, त्यांनासुद्धा तिथून माझं गाव दिसत असेल असं तेव्हा वाटलं होतं.

पण दिवेलागणीला जरा निवलो. पत्र आलं म्हणून तरी मला काही दिसलं. न येतं तर पाऊसही नसता. चाळीसच्या वर वर्षं मी तो दिवस सांभाळला, चुकीचा का असेना, पण टाकून दिला नाही. हे मी कुणाला सांगितलं नसतं.

हिला मात्र विचारलं. आश्चर्य म्हणजे आजवर कधी विचारलंच नव्हतं. ही भात वेळत होती, मागे वळली नाही.

"माका आता इचारतास? बंदरार सोडूक मीच गेल्लंय. ऊन कडकडीत होता. आईन छत्री उघडलेली. पडाव लांब जायसर काळी छत्री दिसत होती."

लुगडं कुठलं होतं, विचारलं. हिरवं नव्हतं, म्हणाली, तांबडं होतं.

उद्या कट्ट्यावर गेलो की सारंगांना सांगेन, ऊनच होतं. आणि छत्री उघडी होती. हे त्यांनाही ठाऊक नसेल.