रिॲक्शन आली, पण बॅच नंबर कुठाय?

शहापूर-मुरबाडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरुवात करून पुढे औषध नियंत्रणाकडे वळलेल्या डॉक्टरला विचारा, दवाखान्यातून येणाऱ्या तक्रारीत काय नसतं? औषधाचं नाव असतं, डोस असतो, रिॲक्शनचं वर्णनही असतं. नसतो तो बॅच नंबर. बॅच म्हणजे एकाच घाण्यातला माल. तो कोणता हे कळलं नाही, तर औषध निरीक्षकाने नमुना कशाचा घ्यायचा?

सलाईनचंच घ्या. ड्रिप सुरू झाल्यावर अर्ध्या-एक तासात पेशंटला हुडहुडी भरली, ताप चढला, तर पायरोजेनचा, म्हणजे द्रावात शिरलेल्या ताप आणणाऱ्या जंतुजन्य घटकाचा, संशय घ्यावा. ड्रिप लगेच बंद करा, शिरेतली नळी (कॅन्युला) मात्र काढू नका. पेशंट सावरला की बाटलीकडे वळा. सेट, म्हणजे ड्रिपची नळी, बाटलीलाच राहू द्या. क्लॅम्प घट्ट करा, टोकाला निर्जंतुक टोपी लावा आणि सगळं स्वच्छ पिशवीत घालून 2 ते 8 अंशांत ठेवा. त्यासाठी आयएलआर हा केंद्रातला खास फ्रीज उघडू नका, तो फक्त लसींचा. चिठ्ठीवर केसपेपर क्रमांक, ड्रिप लावल्याची वेळ, थंडी वाजल्याची वेळ, किती मिली गेलं हे लिहा. बाटलीचा आणि सेटचा, दोन्हींचे बॅच नंबर लिहा, कारण दोष सेटमध्येही असू शकतो.

सगळ्यात जास्त राहून जातं ते म्हणजे बाटलीत काय मिसळलं होतं. रिंगर लॅक्टेट या सलाईनमध्ये सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक घातलं तर त्या सलाईनमधल्या कॅल्शियममुळे साका धरू शकतो. तिथे कारखान्याला बोल लावून उपयोग नाही, चूक वॉर्डातली आहे.

वापरलेली बाटली दिशा दाखवते, पण कायदेशीर नमुना म्हणून ती टिकत नाही. उघडल्यावर त्यात काय गेलं हे कोण सांगणार? त्यासाठी त्याच बॅचच्या सीलबंद बाटल्या लागतात. म्हणून उरलेले बॉक्स बाजूला काढा, वर 'वापरू नये' लिहा, स्टॉक रजिस्टरमध्ये संख्या नोंदवा. पुरवठादार ‘बदलून देतो’ म्हणून माल न्यायला आला, तर हात लावू देऊ नका. अनेक प्रकरणं इथेच मरतात, आणि हे अक्षम्य आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

निरीक्षक आला की फॉर्म 17 भरून नमुना घेतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या कलम 23 प्रमाणे नमुन्याचे चार भाग होतात. एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक शासकीय विश्लेषकाला, एक कोर्टासाठी आणि एक पुरवठ्याच्या साखळीत ज्याचं नाव निघालं त्याला. रबाळे-महापेच्या पट्ट्यात थेट कारखान्यातूनच नमुना घेतला, तर तीन भाग पुरतात. विश्लेषकाचा अहवाल फॉर्म 13 वर येतो. तो मिळाल्यापासून 28 दिवसांत कोणी लेखी आव्हान दिलं नाही, तर तो निर्णायक पुरावा. बॅच नंबर लिहिताना ‘बी’चा 8 झाला, की पुढचं सगळं ढासळतं. आणि दुसऱ्या दिवशी 'रिपोर्ट आला का' म्हणून फोन करू नका. स्टेरिलिटी टेस्टमध्ये जंतू वाढतात का हे पाहायला नमुना ठेवायचा काळच (इन्क्युबेशन) 14 दिवसांचा असतो.

अहवालात औषध 'अप्रमाणित' ठरलं म्हणजे ते 'बनावट' ठरलं असं नाही. पहिल्यात कंपनी खरी, माल दर्जात नापास. दुसऱ्यात दुसऱ्याच्या नावाने माल विकलेला असतो. पत्रात सरसकट 'नकली' लिहू नका.

डॉक्टरची नजर इथे का हवी, ते 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात दिसलं. मेंदूतला आणि डोळ्यांतला दाब उतरवायला दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. मूत्रपिंडं निकामी होऊन 14 रुग्ण गेले. मग न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. वेगवेगळ्या आजारांच्या पेशंटांची लघवी एकाच सुमारास बंद होते, हे प्रयोगशाळेच्या आधी वॉर्डात दिसतं.

या क्षेत्रात यायचं असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: नुसत्या एमबीबीएसवर औषध निरीक्षक होता येत नाही. याच कायद्याखालच्या नियमांतल्या नियम 49 प्रमाणे फार्मसीची पदवी लागते, किंवा वैद्यकशास्त्रातली असेल तर क्लिनिकल फार्माकॉलॉजी वा मायक्रोबायोलॉजीतलं विशेष शिक्षण. बाकी डॉक्टरांसाठी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद हाच सरळ रस्ता. फॉर्म एका पानाचा आहे. पेशंटची आद्याक्षरं, वय, रिॲक्शन आणि ती सुरू झाल्याची तारीख, संशयित औषध, तुमचं नाव एवढं तरी भरा. संशय पुरेसा आहे, सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही. हेल्पलाइन 1800-180-3024.

गोळ्यांच्या बाबतीत वेगळीच पंचाईत. कळव्या-मुंब्र्यात पेशंट चार गोळ्या कापून घेतो, आणि बॅच नंबर स्ट्रिपच्या दुसऱ्या टोकाला दुकानातच राहतो. अशा वेळी बिल मागा, बॅच नंबर त्यावर असतो. बिल घेतलंच नसेल, तर पेशंटच्या नातेवाइकाला त्याच दिवशी दुकानात पाठवा. उरलेली स्ट्रिप संध्याकाळपर्यंत विकली जाते.