चेनप्लेट बदल : उजवी बाजू बसली, डावी उघडली

बोट 1970 च्या दशकातली, 28 फुटी फायबरग्लास स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट). डेकला बाल्साचा गाभा, डोलकाठी डेकवर उभी. डोलकाठी धरणाऱ्या तारा (श्राउड) ज्या स्टीलच्या पट्ट्यांना अडकतात त्या चेनप्लेट प्रत्येक बाजूला तीन आहेत. कॅप श्राउडची (डोलकाठीच्या टोकाकडून येणाऱ्या तारेची) मधली प्लेट मुख्य बल्कहेडला (बोटीतल्या प्लायच्या आडव्या भिंतीला), तर पुढच्या-मागच्या लोअरच्या (खालच्या उंचीवरून येणाऱ्या तारांच्या) प्लेट हलला (बोटीच्या अंगाला) फायबरने जोडलेल्या अर्ध्या बल्कहेडना. उजव्या तिन्ही नव्या बसल्या, पाण्याची चाचणी झाली. डाव्या तिन्ही काढून ठेवल्या आहेत, मधल्या बल्कहेडचं कुजलेलं प्लाय कापायचं आहे.

मुंबई बंदरात बोट ऑक्टोबर ते मे पाण्यात आणि जून ते सप्टेंबर ताडपत्रीखाली. म्हणजे हे काम पावसाळ्यातच उरकायचं, आणि इपॉक्सीला त्याच्याइतका वाईट मोसम दुसरा नाही. त्याबद्दल खाली लिहिलंय.

जुन्या प्लेट काय सांगतात

डेकच्या वरचा तुकडा चकाचक, केबिनमधला तुकडाही चकाचक. डेकच्या जाडीत लपलेला जेमतेम 20 मिमीचा पट्टा मात्र तपकिरी, आणि पितळी ब्रशने घासल्यावर सुईने टोचल्यासारखे खड्डे. डाव्या मधल्या प्लेटला सर्वांत वरच्या बोल्टच्या भोकापासून काठापर्यंत आडवी भेग गेलेली आहे. स्टेनलेसचं गंजरोधक आवरण टिकायला ऑक्सिजन लागतो. ओल्या बाल्सात आणि फाटलेल्या सीलंटमध्ये खारं पाणी साचून राहतं, तिथला ऑक्सिजन संपतो आणि क्लोराइड आवरण फोडतं. उघड्यावरचं स्टील पावसात धुऊन वाळतं म्हणून वाचतं. त्यामुळे ‘वरून छान दिसतंय’ हा निकष इथे कुचकामी आहे. प्लेट बाहेर काढल्याशिवाय काहीही कळत नाही.

भेगा डोळ्यांनी शोधत बसू नका, डीपी टेस्टचा (भेगेत शिरणाऱ्या लाल रंगाच्या चाचणीचा) तीन डब्यांचा संच आणा. आधी क्लीनरने तेल काढायचं, मग लाल पेनिट्रंट फवारून 15-20 मिनिटं ठेवायचं. जादाचं लाल पुसताना क्लीनर फडक्यावर घ्यायचा. प्लेटवर थेट फवारला की भेगेतलं लालही धुऊन निघतं आणि खोटा ‘पास’ मिळतो. शेवटी पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर. दहा मिनिटांत लाल रेघ उमटली तर भेग, विखुरलेले ठिपके आले तर खड्डे. सहापैकी दोन प्लेट या चाचणीत निर्दोष निघाल्या, त्याही परत बसवलेल्या नाहीत. इतकं सगळं उघडल्यावर पट्टीचे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

डोलकाठी उभी ठेवून हे करायचं असेल तर एका वेळी एकच प्लेट. हॅलियार्ड (शीड वर ओढायचा दोर) टो-रेलच्या (डेकच्या काठावरच्या पट्टीच्या) मजबूत बिंदूला ताणून आधी तात्पुरता श्राउड करायचा, मगच टर्नबकल (तारेचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) सैल. गेटवेजवळ मुरिंगवर असाल तर मांडव्याच्या आणि घारापुरीच्या लाँचांच्या लाटा धरून चाला. काम पहाटे करा.

धातू

316एल (कमी कार्बनचं 316 स्टेनलेस) घेतलं. टायटॅनियम उत्तम, पण सहा प्लेटसाठी खिसा फार हलका होतो. ब्राँझ चालतं, पण तेवढ्याच ताकदीला जाड पट्टी लागते आणि डेकमधली खाच रुंद करावी लागते. बाजारात ‘316 आहे’ या तोंडी ग्वाहीवर जाऊ नका. चुंबक लावून 304 आणि 316 वेगळे ओळखता येत नाहीत, दोन्ही जवळजवळ तितकेच चिकटतात किंवा चिकटत नाहीत. पीएमआय गन (धातूतली मूलद्रव्यं मोजणारं हातातलं यंत्र) लावून मॉलिब्डेनम 2 ते 3 टक्के दिसतंय का ते पाहायचं. ती गन कार्बन मोजत नाही, म्हणून ‘एल’ची खात्री फक्त मिल सर्टिफिकेटवरून (पोलाद कारखान्याच्या दाखल्यावरून), आणि त्यावरचा हीट नंबर (वितळणीचा क्रमांक) पट्टीवरच्या नंबराशी जुळला तरच.

जुनी पट्टी दीड इंच बाय पाव इंच होती. मेट्रिक मालात 40 × 6 मिळते, पण हिशेब मांडून 40 × 8 केली. श्राउड 6 मिमीची 1×19 (19 तारांची एकच वेणी) तार, तुटण्याचा भार सुमारे 3 टन. पिनचं भोक 13 मिमी, म्हणजे तिथे 27 मिमी रुंदी उरते. 6 मिमी जाडीला ते 162 चौरस मिमी. 316 ची यील्ड (जिथे धातू कायमचा ताणला जायला लागतो तो ताण) दर चौरस मिमीला 205 न्यूटन धरली तर प्लेट साधारण 3.4 टनांना ताणली जायला लागते. तारेच्या जवळपास तेवढीच, हातात काही उरत नाही. 8 मिमी जाडीला हाच आकडा 4.5 टन. जाडी वाढवण्याआधी टर्नबकलच्या टॉगलचा (प्लेटला अडकणाऱ्या सांध्याचा) जबडा मोजा. 8 मिमी पट्टी दोन्ही बाजूंना थोडी मोकळी राहून बसली पाहिजे.

जुनी प्लेट साचा म्हणून वापरताना भोकं लंबगोल झालीत का ते आधी तपासा, नाहीतर जुनी चूक नव्या स्टीलमध्ये कोरली जाईल. भोकांना कोबाल्टचा बिट, 10 मिमीला 350 आरपीएमच्या आसपास, भरपूर कटिंग ऑइल आणि दाब सतत. बिट नुसता घासत राहिला की 316 तिथल्या तिथे कडक होतं आणि पुढचा बिटही जळतो. पट्टीला बाक लागत असेल तर थंडच, मोठ्या त्रिज्येने. गॅसचा बर्नर लावायचा नाही. बाकाचा कोन श्राउडच्या रेषेत आणा. कोन चुकला तर प्लेट प्रत्येक लाटेला थोडी वाकते, आणि भेग पुन्हा डेकच्या रेषेतच पडते.

कडा गोल करून 400 नंबरपर्यंत घासल्या आणि पट्ट्या इलेक्ट्रोपॉलिशला (विजेने पृष्ठभाग विरघळवून गुळगुळीत करायला) दिल्या. औषध कंपन्यांच्या टाक्या बनवणाऱ्या वर्कशॉपांकडे ही सोय असते. नुसतं बफिंग करून आणलं तर चकाकी येते, पण घासताना स्टीलमध्ये रुतलेले लोखंडाचे कण तसेच राहतात.

प्लाय चिरडतं, बोल्ट नाही

लोक बोल्टची चिंता करतात. प्रत्येक प्लेटला एम10 चे पाच ए4-70 (ए4 म्हणजे 316 जातीचे) बोल्ट आहेत. एकेकटा बोल्टसुद्धा कातरायला 3 टनांच्या आसपास जोर लागतो. आता लाकडाकडून हिशेब करा. 18 मिमी प्लाय गुणिले 10 मिमी बोल्ट गुणिले पाच म्हणजे 900 चौरस मिमी. त्यावर 3 टन भार म्हणजे दर चौरस मिमीला 33 न्यूटन. चांगलं, कोरडं प्लायसुद्धा इथे मर्यादेजवळ पोचतं, कुजलेल्याची गोष्टच सोडा. भोकं वर-खाली लांबट झालेली दिसतात ती यामुळेच. एक बोल्ट सैल पडला की त्याचा वाटा बाकीच्या चारांवर जातो आणि भोकं आणखी झपाट्याने मोठी होतात.

म्हणून आधी प्लाय. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहायचं. टणक आवाज जिथे भद्द होतो तिथे पेन्सिलने खूण, मग टोच्याने खात्री. कुजकं सगळं निघून जाईपर्यंत कापायचं आणि पुढे आणखी 50 मिमी. नवा तुकडा आयएस 710 च्या मरीन प्लायचा, जोड तिरकस 1:8, म्हणजे 18 मिमी प्लायला 144 मिमी उतार. हलशी जोड 450 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला 450 ग्रॅम) बायअॅक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांच्या) काचेच्या टेपचे तीन थर, 50, 75, 100 मिमी असे वाढत्या रुंदीचे. साधं चॉप्ड स्ट्रँड मॅट (चिकटवलेल्या तुकडा-धाग्यांची चटई) इथे वापरू नका: त्याचा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने नाही, त्यामुळे मॅट कडक राहतं आणि कोपऱ्यात बसत नाही.

प्लेटच्या जागी प्लायच्या दोन्ही अंगांना 6 मिमीची ग्लास-इपॉक्सी शीट चिकटवली. इलेक्ट्रिकल पॅनेलवाले इन्सुलेशनला वापरतात तीच. चिरडण्याचा भार आता मुख्यतः ती घेते. बोल्टची जुनी भोकं घट्ट इपॉक्सीने बुजवून, नवी प्लेट क्लॅम्पने धरून तिच्यातूनच एम10 ची भोकं पाडली. जुने बोल्ट तीन-अष्टमांश इंची होते; त्याच भोकात जोर करून एम10 घुसवणं म्हणजे कडेचं प्लाय फोडणं.

आता पावसाळा. हवेत 85-90 टक्के दमटपणा असताना अमाइन हार्डनर (इपॉक्सी कडक करणारं रसायन) घातलेला थर वरून मेणचट होतो. त्यावर नुसता पॉलिश पेपर फिरवला तर मेण पसरतं आणि पुढचा थर सुटतो. आधी साधं पाणी आणि हिरवी घासणी, पुसून कोरडं, मग पेपर. हार्डनर ‘स्लो’ घ्या आणि एका वेळी थोडंच कालवा. उघड्या प्लायवर आणि गाभ्यावर दोन दिवस आधीपासून 200 वॉटचा बल्ब लटकवून ठेवलेला बरा.

डेकची खाच

पाणी येतं कुठून हा प्रश्न सोडवला नाही तर नवं 316 सुद्धा त्याच वाटेने जाणार. खाचेभोवतीचा ओला बाल्सा 25 मिमी आतपर्यंत उकरला. वाकवलेली अॅलन की ड्रिलला लावली की वरच्या-खालच्या फायबरला धक्का न लावता गाभा भुग्यासारखा बाहेर येतो. वाळल्यावर आधी पातळ इपॉक्सी, मग सिलिका आणि मिल्ड फायबर घातलेली घट्ट इपॉक्सी, एका वेळी 10 मिमीपेक्षा जास्त नाही. मुंबईच्या उकाड्यात एकदम भरली तर ती धूर सोडते आणि तडकते. मग त्यातून 46 × 14 मिमीची खाच, म्हणजे 40 × 8 च्या प्लेटभोवती सगळीकडून 3 मिमी मोकळी जागा. खाचेभोवती डेक 8 मिमी उंच केलं, पाणी थांबायला जागा नको.

सीलंटवर वाद होणारच. सिलिकोन नाही: डेकवर एकदा लागलं की पुढे काहीच चिकटत नाही. पॉलियुरेथेन चिकटतं इतकं की पुढच्या वेळी प्लेटसोबत डेक उचकटेल. मोकळ्या जागेत पॉलिसल्फाइड आणि 3 मिमीच्या कव्हर प्लेटखाली ब्यूटिल टेप लावली. छपराच्या गळतीला मिळणारी चंदेरी फॉइलची डांबरी टेप म्हणजे ब्यूटिल नव्हे. उन्हात ती वितळून बाहेर येते. चाचणी अशी: खाली बल्कहेडवर चॉकची पूड, वरून दहा मिनिटं पाइपचं पाणी. पूड कुठेही ओली दिसली नाही.

बसवणी

बोल्ट अर्ध्या आट्यांचे घ्या, आटे नसलेला दांडा प्लेट आणि प्लायमध्ये आला पाहिजे. नागदेवीत (मुंबईच्या हार्डवेअर बाजारात) फुल थ्रेड मागण्याआधीच हातात ठेवतात, पण त्यात भार आट्यांवर येतो. डोक्यावर ए4-70 कोरलेलं पाहा, ए2 म्हणजे 304. पलीकडे 5 मिमी बॅकिंग प्लेट, मोठे वॉशर, नायलॉक नट. स्टेनलेसवर स्टेनलेस आटे गरम होऊन एकमेकांत जाम होतात, म्हणून अँटी-सीझ लावून हाताच्या पान्याने, सावकाश. इम्पॅक्ट गन दूर ठेवा. एकदा नट जाम झाला की बोल्ट कापूनच निघतो.

डोलकाठी उभी केल्यावर कॅप श्राउडचा ताण घडीच्या पट्टीने मोजायचा. तार हाताने ताठ असताना 2 मीटरची पट्टी वरच्या टोकाला तारेवर घट्ट बांधायची, खालच्या टोकाशी खूण. 1×19 तार या लांबीवर 1 मिमी ताणली की तुटण्याच्या भाराच्या 5 टक्के. तेव्हा 3 मिमी म्हणजे 15 टक्के, इथे सुमारे 450 किलो, आणि कॅपला तेवढं पुरे. दोन्ही बाजू आलटून-पालटून थोड्या थोड्या. पहिल्यांदा वाऱ्यात नेल्यावर बोल्ट आणि टर्नबकल दोन्ही पुन्हा तपासायचे.

बॅकस्टेची (डोलकाठीच्या मागच्या तारेची) प्लेट मागच्या लॉकरमध्ये आहे. तिच्यावर कायम ओला दोर पडलेला असतो, तीही याच फेरीत बाहेर काढायची. पुढच्या स्टेमहेडचे (बोटीच्या नाकावरच्या, पुढची तार धरणाऱ्या तुकड्याचे) खालचे दोन नट अँकर लॉकरच्या फायबरखाली गाडले गेलेत. तिथे 100 मिमीचं होल-सॉ मारून झाकणाची खिडकी करायची, की लॉकरचा तळच उचलायचा, हे डावी बाजू बंद झाल्यावर ठरेल. होल-सॉकडे कल आहे, कारण पुढच्या वेळी पाना थेट नटावर पोचेल.